मामांच्या छातीवरचा फोन

इतिहास शिकवणाऱ्यानं जेवताना इतिहास सांगू नये, हे मला आर्वीच्या मामांकडे कळलं. मी सहज बोलून गेलो, की पूर्वी युरोपात लोकांना जिवंतपणी पुरलं जायची इतकी भीती वाटे, की शवपेटीत दोरी ठेवून वर घंटी बांधत.

मामांचा घास हातातच राहिला.

"आपल्यात त जाळतात. घंटी काय कामाची? मले मोबाइल देजा सोबत. चार्ज करून."

मामी म्हणाली, "जेवून घ्या पयले."

यंदा मामा गेले. मामीनं स्वतः फोन चार्ज करून त्यांच्या छातीवर ठेवला. डॉक्टरांनी नीट तपासलंय, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं, पण ती ऐकेना. शेवटी अग्नी द्यायच्या आधी फोन काढून घ्यायचं ठरलं. बायका घरीच थांबल्या.

घाटावर मामांना सरणावर ठेवलं आणि फोन वाजला. खांदेकरी झटकन मागे सरले. मामेभावानं फोन उचलून स्पीकरवर टाकला.

"आई, तू? काऊन फोन केला?"

"काई नाई. तिथं रेंज भेटते का, ते पाहून राह्यली."

"भेटते."

"मंग अजून थोडं थांबजा."