भाऊसाहेबांचा पहिला फोटो

फोटोग्राफर नुसतं बटण दाबतो म्हणता ना? मग कर्जतकडच्या त्या रक्तदान शिबिराचं ऐका.

उद्घाटनाला भाऊसाहेब, म्हणजे गावचे पुढारी. पोरं दारातच अडून बसलेली, "आधी भाऊसाहेब देऊ द्या, मग आमी." भाऊसाहेब खाटेवर आडवे झाले, बाही वर केली आणि मला हळूच म्हणाले, "सिस्टर सुई नुसती जवळ धरतील. घे पटकन फोटो."

मी कॅमेरा डोळ्याला लावला, बटण दाबलं आणि मान हलवली. "जमत न्हाई, भाऊसाहेब."

"का रं?"

"रक्ताची नळी मोकळी दिसतीय. उद्या लोक मोबाईलवर मोठा करून बघतील."

"मंग?"

"मंग द्या की खरंच."

त्यांनी सिस्टरकडे बघितलं, दारातल्या पोरांकडे बघितलं आणि डोळे घट्ट मिटले. "टोचा बाई. अन् तू, माझ्या तोंडाचा घेऊ नको."

पिशवी भरली. भाऊसाहेब उठून बसले आणि केळं सोलता सोलता दाराकडे बघून गरजले, "लई काय न्हाई रं! या की!" पोरांची रांग पार फाटकापर्यंत गेली. दुपारपर्यंत रक्ताच्या पिशव्या कमी पडल्या!

निघताना भाऊसाहेब माझ्या कानाशी आले. "तो पहिला, खोटा फोटो तेवढा डिलीट कर."

मी खिशातून लेन्सचं झाकण काढून दाखवलं. "घेतलाच कुठं? तवा हे लावलेलंच हुतं."