सातच्या पाढ्यापर्यंत

(भिंतीपलीकडे कुकरची शिट्टी होते. पुढच्या खोलीत, सुकन्याच्या कापडी पिशव्या छापायच्या दुकानात, तिची मुलगी ज्ञानदा अभ्यासाला बसली आहे.)

सुकन्या : राहू दे, केराबाई, कुकर बघते मी. तुम्ही ही छपाईची फ्रेम खिडकीकडं धरा. जाळीत काय दिसतंय?

केराबाई : काय दिसनार? खिडकी.

सुकन्या : नीट बघा.

केराबाई : धुतल्याली हाय की. मीच धुतली, दोनदा.

सुकन्या : कितीही धुवा, आधी छापलेलं फिकट राहतंच जाळीत. हे तुम्हाला सांगितलं नव्हतं मी.

केराबाई : न्हाय. ते बी न्हाय सांगितलं.

सुकन्या : अक्षरं आहेत ही. माझ्या दुकानात असलं काही छापलेलं नाही. शहाजींसाठी केलंत ना?

केराबाई : कुटलं शहाजी?

सुकन्या : तुमच्या होटगीचे. दरवर्षी जत्रेच्या कापडी पिशव्या माझ्याकडून छापून नेतात. परवा फोनवर म्हणाले, यंदा गावातच सोय होतीय. होटगीत हे काम शिकणारं तुमच्याशिवाय कोण आहे?

केराबाई : इचारलं त्यांनी. खोटं कशाला बोलू? म्या म्हनलं, ताईस्नी इचारून सांगते.

सुकन्या : मला तर काही विचारलं नाहीत. मंगळवारी ज्ञानदाला ताप म्हणून मी दवाखान्यात बसले होते, आणि तुम्ही इथं माझ्या मागं... किती काढल्या?

केराबाई : पाच.

सुकन्या : पाच पिशव्यांत निळ्या रंगाचा डबा तळाला गेला?

केराबाई : दर बारीला वाटायचं रंगच कमी पडला, म्हनून अजून घ्यायची. पाची वाया गेल्या, ताई.

सुकन्या : कुठं आहेत त्या?

केराबाई : ही काय, माझ्या डब्याची पिशवी. तीन दिस झालं तुमच्या म्होरंच टांगतीया.

सुकन्या : बघू. के... अहो, हे सगळं उलटं आहे.

केराबाई : राजेश्वरी बी तेच म्हनली, माझी पोरगी. म्हनली, आई, तुजं दुकान आरशात हाय.

सुकन्या : केराबाई, होटगी. हे तर तुमचंच नाव.

केराबाई : झेरॉक्सवाल्याकडनं पातळ कागदावर काढून आनलं हुतं. आदी आपल्याला जमतंय का बगावं, मग इचारावं. मला वाचाय येत न्हाय, मला काय कळतंय सुलटं न् उलटं?

सुकन्या : आणि दिवा? कागदावरची अक्षरं जाळीत उतरायला दिवा किती वेळ ठेवायचा, ते कुणी सांगितलं? ते मी पडदा ओढून करते.

केराबाई : ज्ञानदाताईनं.

ज्ञानदा : मी नाही हं आई. देवाशप्पथ.

केराबाई : तुजी काय चूक न्हाय ग बाळा. ताई, तुमी आत दिवा लावला की हिचा बेचा पाढा सुरू. सातचा संपला की दिवा बंद. म्या भायेर पिशव्या वाळत घालत ऐकायची.

सुकन्या : मंगळवारी ती माझ्याजवळ होती.

केराबाई : मीच म्हनले की. पाठ झाल्यात मला. सात आठेला ती अडती, तितं मी बी तेवडीच थांबले.

ज्ञानदा : छप्पन्न. आता नाही अडत मी.

सुकन्या : ज्ञानदा, अभ्यास कर. केराबाई, मला हसू येत नाहीये. उद्या तुम्ही होटगीत दुकान मांडाल. आज शहाजी गेले, उद्या आणखी चार जातील. मग मी हिला घेऊन काय करायचं?

केराबाई : म्हनून पडदा व्हय?

सुकन्या : सगळेच ओढतात. मी गंगाधरमामांकडं शिकले, दोन वर्षं त्यांनी दिव्याजवळ फिरकू दिलं नव्हतं.

केराबाई : मग तुमी कसं शिकला?

सुकन्या : शिकले.

केराबाई : सांगा की.

सुकन्या : पडद्याच्या फटीतून.

केराबाई : माझं निदान कानावर तरी पडलं. तुमच्या परास माझं बरं म्हनायचं.

सुकन्या : केराबाई.

केराबाई : चुकलं माझं. रंग भरून देते. शहाजीदादांस्नी बी सांगते, ताईंकडंच जावा. पर एवडं एक सांगा. तो कागुद कुटली बाजू खाली करून ठेवायचा?

सुकन्या : बघू नंतर.

केराबाई : नंतर म्हनजे? उद्या येऊ का नको?

सुकन्या : तुमची गाडी चुकेल. निघा आता.

केराबाई : बरं. येते मी. ज्ञानदाताई, येते ग.

ज्ञानदा : टाटा, मावशी. आई, मावशी पिशवी विसरली.

सुकन्या : राहू दे. कोपऱ्यात ठेव.

ज्ञानदा : आई, बाहेरच्या आपल्या पाटीवर लिहिलंय ना, 'नवशिक्या महिलांना छपाईचे पूर्ण काम शिकवले जाईल'?

सुकन्या : हो. मग?

ज्ञानदा : पूर्ण म्हणजे कुठपर्यंत गं?