तिसऱ्या वेळचं रक्त

दसऱ्यानंतरच्या सोमवारी मी यवतमाळच्या एका प्रयोगशाळेत साखरेच्या रिपोर्टची वाट पाहत बसलो होतो. शेजारच्या खिडकीपुढे फवारणी करणाऱ्या मजुरांची रांग होती. हंगामात तीनदा त्यांचं रक्त तपासायचा अभ्यास चालू होता.

“उकंडा खडसे?” खिडकीतल्या मॅडमनी नाव पुकारलं.

“मी नलू. त्याईची घरवाली.”

“ताई, रक्त त्यांचंच लागतं. त्यांना पाठवा.”

“ते वारले. फवारता फवारता वावरातच पडले. पंधरा दिवस झाले.”

“आम्हाला कळलं नाही, ताई.”

“पोळ्याले दुसऱ्या खेपेचं रक्त देलतं. त्याच्यात काय निंगालं?”

“थांबा, बघते. फवारणीचं औषध अंगात भिनलं होतं. खूप.”

“हे तुमाले कधी समजलं?”

“पोळ्यानंतर आठवड्यानं.”

“त्याच्यानंतर वीस दिवस फवारलं त्याईनं. सांगतलं काहून नाही?”

“सगळे रिपोर्ट अभ्यास संपल्यावर द्यायचे, असं वरून ठरलं होतं.”

“त्याईले वाटे, खराब असतं तर मॅडमनं बलावलं असतं.”

मॅडमनी फाईल मिटली.

“माह्या मागं चार जण उभे हायेत. त्याईचे रिपोर्ट आले का?”

“आलेत.”

“मंग वाचून दाखवा.”

“मला परवानगी नाही, ताई.”

“वाचा. मी इथून हालत नाही.”

बराच वेळ फाईलची पानं उलटल्याचा आवाज येत राहिला.

“देवराव मडावी कोण?”

“मी, मॅडम.”

“काका, यापुढे पंपाला हात लावू नका.”

“आज सकाळीच दोन एकर फवारून आलो.”