छप्पर उघडण्याआधीचा भोंगा

सकाळचे दहा चाळीस. गुरुवार, सव्वीस फेब्रुवारी. छप्पर बंद, बाहेर मायनस अठरा, आणि देवदत्त वर रुळावर — अहो बसा, उठू नका, फोनवर तुमचं मराठी ऐकलं म्हणून बोलले. एडमंटनच्या बेसबॉल स्टेडियममध्ये शेजारच्या खुर्चीत मराठी माणूस मिळतो कुठे? — तर तुम्ही आत्ता टाळ्या वाजवल्यात ना, त्याच छपराबद्दल सांगतेय. चार अजस्र तुकडे, रुळांवर सरकतात, उघडायला वीस मिनिटं. छान दिसतं, मी कुठे नाही म्हणतेय? हिवाळाभर रिनोव्हेशन चाललं होतं — या रुंद खुर्च्या, ते कप होल्डर, तिकडे तो पार्टी डेक. आणि हिवाळ्यात छप्पर हलवायचं नाही, हा स्टेडियमवाल्यांचाच नियम. मग हलवलं का? जाहिरातीसाठी! निळं आकाश, कोऱ्या खुर्च्या, वर ड्रोन. हलण्याआधी भोंगा वाजतो — मघाशी वाजला, तोच. त्या दिवशी वाजला नाही. कामासाठी वायर काढली होती, परत कोणी जोडलीच नाही. बेचाळीस वर्षांचा देवदत्त, नागपूरचा इंजिनियर, वाकून बोल्ट तपासतोय — त्याला कळणार कसं? सरकत्या तुकड्याखाली सापडून गेला तो.

मी सोडलं नाही हं त्यांना. एकतीस वर्षं रिपोर्टर आहे मी. प्रेस कॉन्फरन्समध्ये म्हणाले, वी आर हार्टब्रोकन — म्हटलं, हार्टचं राहू द्या, वायर कोणी काढली ते बोला. माझा पास रद्द केला, म्हणून आज तिकीट काढून बसलेय. चार बातम्या केल्या, चारही पहिल्या पानावर. त्याची बायको, सुमेधा, माझ्या गळ्यात पडून म्हणाली, ताई, तुम्ही एकट्याच त्याच्या बाजूनं उभ्या राहिलात. त्यानं लिहून कळवलं होतं हो! भोंगा बंद आहे, माणसं वर चढताहेत, तीन-तीन ईमेल — एक मॅनेजरला, एक सेफ्टी ऑफिसरला. उघडूनसुद्धा पाहिले नाहीत दोघांनी. दोघांची नावं छापली मी, मोठ्या टायपात.

काय? — हो, तीनच म्हणाले.

बातमीत दोन लिहिलेत. — देवदत्त आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी होता ना. गणपती असो, हळदीकुंकू असो, कोजागिरी असो, दर वेळी मला ईमेल, आणि दर वेळी वर तेच — 'ताई, एक बातमी आहे'. आता इथला कुठला पेपर हळदीकुंकू छापतो, सांगा? त्याला वाईट वाटू नये म्हणून 'बघते हं' म्हणायची, आणि — फोनही आला होता त्याचा, मी घेतला नाही. पुढच्या महिन्यात पाडवा, म्हटलं त्याचंच असेल.

माझ्याकडे काय बघताय? मॅच बघा. पहिला बॉल पडतोय.

तिसरा ईमेल मंगळवारी सकाळी नऊ बाराला आला. उघडला गेला शुक्रवारी.