गाडीतली जाहीर बैठक

व्हर्लिन : उजवीकडे बघ. अगं, उजवीकडे! बर्फ उपसायची गाडी येतेय.

आर्डिस : दिसतेय मला. पन्नास वर्षं गाडी चालवतेय मी, व्हर्लिन.

व्हर्लिन : आणि पन्नास वर्षं उजवीकडे न बघता. माझ्या वर्गात असतीस तर नापास केली असती.

अरासेली : हळू बोला ना दोघं. आत्ता कुठे डोळा लागलाय माझ्या नोएमीचा.

व्हर्लिन : बरं, हळू बोलतो. आणि मुद्द्याचंच बोलतो. हा नगरसेवक हेमर आज नगरसभेत उठून म्हणणार, की आयोगाला...

अरासेली : थांबा, मिस्टर टॉर्सन! एक अक्षर बोलू नका.

व्हर्लिन : आता काय झालं? हळू तर बोलतोय.

अरासेली : हळू-जोरात नाही. आपण तिघं आहोत. पाच जणांचा आपला आयोग, त्यातले तिघं एका गाडीत. तिघं जमून आयोगाच्या कामाचं बोलले की कायद्यानं ती बैठक होते. आणि गावाला न कळवता बैठक घेतली की बेकायदा.

व्हर्लिन : मग काय, हवापाण्याच्या गप्पा मारायच्या?

आर्डिस : हवेच्या मार. पाण्याच्या नको, पाणी आजच्या विषयात आहे.

व्हर्लिन : हे आधी कळलं असतं तर मी चालत गेलो असतो.

आर्डिस : या थंडीत? अंधारात तुला स्वतःच्या दाराची पायरी दिसत नाही. म्हणून तर लायसन्सवर शिक्का पडलाय, सूर्य मावळला की गाडी बंद.

व्हर्लिन : ते हिच्यासमोर काढायची गरज नव्हती. शाळेत हिला गाडी मी शिकवलीय.

अरासेली : आणि चांगली शिकवलीत. आज गाडी घरी असती तर मीच तुम्हा दोघांना नेलं असतं. पण माझ्या नवऱ्याची, एफ्राइनची, संध्याकाळची पाळी, गाडी टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्याच्या दारात उभी. बरं, बोलायचंय ना आयोगाचं? बोलता येईल. सोय केलीय मी. आर्डिस, अध्यक्ष तुम्ही. म्हणा, बैठक सुरू झाली.

आर्डिस : गाडीत?

अरासेली : गाडीतच. शुक्रवारी नोटीस लावली मी. एक नगरभवनाच्या दारावर, एक वाचनालयाच्या फळ्यावर. नगर कार्यालयातल्या लव्हॉननं शिक्कासुद्धा मारून दिला. 'मानवी हक्क व सेवा आयोगाची विशेष बैठक. मंगळवारी संध्याकाळी, अध्यक्षांच्या निळ्या गाडीत, त्यांच्या घरापासून नगरभवनापर्यंत, जाता-येता. नागरिकांसाठी दोन जागा राखीव.'

व्हर्लिन : अच्छा, म्हणून सगळ्यात मागची तिसरी रांग अख्खी रिकामी! मी म्हणतोय, मला या पुढच्या खोबणीत का कोंबलं. गुडघे हनुवटीला टेकलेत माझे.

आर्डिस : आणि मला वाटलं, निघताना तू दारात ताटकळत उभी आहेस ती बाळाचं काहीतरी विसरलीस म्हणून.

अरासेली : कुणी नागरिक येतोय का बघत होते. नोटीस दिल्यावर थोडं थांबायला हवं ना? कुणी आलं नाही.

व्हर्लिन : आर्डिसच्या गाडीत बसायला कोण नागरिक आपल्या पायांनी येईल?

आर्डिस : पोरी, राग मानू नकोस. पण तू जरा जास्तच करतेस, असं नाही वाटत तुला?

अरासेली : वाटतं ना. लव्हॉनसमोर उभी होते तेव्हा कान लाल झाले होते माझे. ती हसू दाबत होती. पण हेमर असलंच काहीतरी हुडकत असतो. गेल्या खेपेला आपल्या ठरावावर तारीख खालच्या बाजूला होती म्हणून विषय पुढे ढकलला. माणूस तारखेवरून अडवतो, तो गाडीवरून नाही अडवणार?

आर्डिस : बरं बाई. बैठक सुरू झाली. हजर सदस्य तीन. नागरिक एक, झोपलेली.

अरासेली : नोएमीला धरता येईल का पण? ती सदस्याची मुलगी...

व्हर्लिन : देवा रे! धर गं तिला, धर. मी आता बोलू का? हेमर म्हणणार, आयोग म्हणजे कोर्ट नाही.

अरासेली : नाहीच. दंड नाही, शिक्षा नाही, हुकूम नाही. लोकांची तक्रार ऐकायची. ज्यांच्याबद्दल तक्रार, त्यांना जाहीर बैठकीत बोलवायचं. आणि ते काय म्हणाले ते गावापुढे ठेवायचं. इतकंच मागतोय आपण.

आर्डिस : आजवर आयोगाचं काम म्हणून एकच ओळ होती. 'शहरात सलोखा वाढवणे.' आणि सलोखा म्हणजे काय, तर ऑगस्टात तळ्याकाठी जेवण. प्रत्येकानं आपल्या घरचं काहीतरी करून आणायचं.

अरासेली : मी तामाले आणले होते, मक्याच्या पिठाचे. पहिल्या वर्षी.

आर्डिस : फार छान झाले होते.

अरासेली : तीन खाल्लेत तुम्ही. आणि मी सांगितलं, की हे विकतच्या पाण्याच्या वाफेवर शिजवलेत, आमच्या वस्तीत नळाला गंजाचं पाणी येतं. त्यावर तुम्ही म्हणालात...

आर्डिस : 'हे आमच्या कामात बसत नाही गं.' आठवतंय मला.

अरासेली : टोमणा नाही मारत. खरंच बसत नव्हतं. म्हणून तर मी आयोगात शिरले.

व्हर्लिन : टोमणाच होता. आणि चांगला बसला.

आर्डिस : बसला. गाडी चालवू दे मला.

अरासेली : वस्तीच्या जमिनीचा मालक म्हणतो, पाइप शहराचा. शहर म्हणतं, फाटकाच्या आतला सगळा पाइप मालकाचा. दोन वर्षं मी या दारातून त्या दारात. उकळलं तरी पिवळंच राहतं ते पाणी. नोएमीची दुधाची पावडर कालवायला मी दुकानातून कॅन आणते, आणि आंघोळीला नाइलाजानं नळाचं घेते. मग तिच्या मानेवर पुरळ बघत बसते. आता एफ्राइन म्हणतो, या हिवाळ्यात काही हललं नाही तर आपण नेब्रास्काला भावाकडे जाऊ. घर तसंच टाकून. हप्ते आत्ताच फिटलेत त्याचे.

व्हर्लिन : आणि आज विषय पुढे गेला की वसंत उजाडेल. तोवर आयोगाच्या दोन रिकाम्या जागांवर हेमरचे दोन मेहुणे.

अरासेली : एकच मेहुणा. दुसरा त्याचा गोल्फचा मित्र. मी चौकशी केलीय.

आर्डिस : मग आजच व्हायला हवं.

अरासेली : मला बोलायला तीन मिनिटं देणार. हिरवा दिवा, पिवळा, मग लाल. माझं सगळं लक्ष त्या दिव्याकडेच जाणार.

व्हर्लिन : ऐक. गाडी शिकताना तू बोनेटकडे बघायचीस. नाक काचेला चिकटवून. मी काय सांगायचो?

अरासेली : लांब बघ.

व्हर्लिन : मग दिव्याकडे बघू नकोस. हेमरकडेही नको. मागच्या भिंतीवर शहराचा नकाशा आहे, त्यावर तुझी वस्ती बघ आणि बोल. आणि बाळ रडायला लागलं तर मी घेतो. मला काय, मत तर नगरसेवकांनी द्यायचंय.

(तीच गाडी, परतीच्या वाटेवर.)

आर्डिस : तू का हसतोयस? तुला अजून काही माहीत नाही.

व्हर्लिन : आतून हसण्याचा मोठा आवाज आला. मग टाळ्या. पोरगी माझ्या खांद्यावर ओकली. एवढं माहीत आहे. आता सांगा.

अरासेली : अगंबाई, तुमचा कोट! मी धुऊन...

व्हर्लिन : कोट मरू दे. मतं किती?

अरासेली : एक मिनिट. आर्डिस, बैठक पुन्हा सुरू झाली म्हणा. नोटिशीत येतानाचंही लिहिलंय.

आर्डिस : सुरू झाली! चार विरुद्ध दोन!

व्हर्लिन : चार? आपल्याकडे तर धड तिघंही नव्हते. चौथं कुणाचं?

आर्डिस : क्रमानं ऐक ना. तू बाळाला घेऊन बाहेर गेलास आणि आपला विषय आला. आला तसा हेमर उठला. कोटाची बटणं लावली. म्हणाला, 'महापौर, मी स्वतः खिडकीतून बघितलं. आयोगाचे तीन सदस्य एका गाडीतून उतरले. पाचातले तीन. ही चोरटी बैठक आहे, म्हणून यांची शिफारस आज विचारात घेता येणार नाही.'

व्हर्लिन : नालायक! खरंच गाडीवरून?

आर्डिस : खरंच. नोटीस मी साफ विसरले होते. इतकी वर्षं अध्यक्ष आहे, आणि मला वाटलं, संपलं. बघते तर ही उभी.

अरासेली : मी हात वर करायचंही विसरले हो.

आर्डिस : कुणी अडवलं नाही. ही म्हणाली, 'बैठक झालीच. जाहीर झाली. नोटीस शुक्रवारपासून याच इमारतीच्या दारावर आहे. आपण आज त्याच दारातून आत आलात.' हेमर लव्हॉनकडे वळला. लव्हॉन उठून दारापर्यंत गेली, कागद काढून आणला आणि सगळा वाचला. निळ्या गाडीसकट.

व्हर्लिन : हसण्याचा आवाज तो!

आर्डिस : छे, तेव्हा सगळे नुसते गालात हसत होते. मग ही काय म्हणाली विचार. 'नागरिकांसाठी दोन जागा ठेवल्या होत्या. नगरसेवक हेमर आले असते तर आम्हाला आनंद झाला असता.' तेव्हा अख्खं सभागृह हसलं! महापौरांनी चष्मा काढून डोळे पुसले.

व्हर्लिन : आणि मी बाहेर! रुमालानं ओक पुसत!

अरासेली : मला टोमणा मारायचा नव्हता. जागा खरंच ठेवल्या होत्या.

आर्डिस : म्हणून तर लागला. पण हेमर काय लगेच बसतोय? सूर बदलला त्यानं. गोड झाला. म्हणे, 'मी आयोगाच्या विरुद्ध नाही. आयोगाचं काम माणसं जोडणं. तळ्याकाठचं जेवण मला फार आवडतं. पण तक्रारी आल्या की माणसं तुटतात. आयोगानं माणसं जोडावीत, बस.'

व्हर्लिन : हे चांगलं बोलला की लेकाचा. याला काय उत्तर देणार?

आर्डिस : मलाही तेच वाटलं. तोवर हिचा दिवा पिवळा झाला.

अरासेली : मी दिव्याकडे बघितलंच नाही. मिस्टर टॉर्सन, शप्पथ. मी नकाशाकडे बघत होते. आमची वस्ती त्यावर नाहीच आहे, तिथे नुसता हिरवा रंग मारलाय. आणि मग मी काय बोलले ते मला नीट आठवतही नाही.

आर्डिस : मला आठवतंय. म्हणाली, 'बरोबर आहे. माणसं जोडणं हेच आयोगाचं काम. मला दोनच माणसं जोडायची आहेत. एक आमच्या वस्तीचे मालक, आणि दुसरे शहराच्या पाणीखात्याचे प्रमुख. दोन वर्षं दोघं माझ्याशी एकमेकांबद्दल बोलतायत, पण एकमेकांशी एकदाही बोललेले नाहीत. त्यांना एका टेबलाशी बसवायचा अधिकार या शहरात कुणालाच नाही. तो आम्हाला द्या. जेवण मी करून आणते.'

व्हर्लिन : जेवण मी करून आणते!

अरासेली : असं म्हटलं मी?

आर्डिस : म्हटलंस. दिवा लाल झाला आणि तू खाली बसलीस. मग नगरसेविका शेरिल बुडे, जी आजवर हेमरचा हात वर गेल्याशिवाय आपला हात वर करत नाही, तिनं माइक ओढला. म्हणाली, 'मला त्या बैठकीला यायचंय. मला त्या दोघांचं उत्तर ऐकायचंय.' आणि हात वर केला. एकटीनं, सगळ्यांच्या आधी.

व्हर्लिन : शेरिल! तिलाही मी गाडी शिकवलीय. दोन वेळा कुंपणात घातली होती.

आर्डिस : आज सरळ नेली. तर आता कायद्यात लिहिलंय, व्हर्लिन. ऐकणं, बोलावणं, उत्तर गावापुढे ठेवणं. तिन्ही. एक शब्द कापला नाही.

व्हर्लिन : हॉर्न वाजव.

आर्डिस : काय?

व्हर्लिन : हॉर्न वाजव म्हणतो! मोठा!

अरासेली : नोएमी उठेल!

आर्डिस : वाजवते. माफ कर गं... हे घे! आणि हे!

अरासेली : उठली. हसतेय वेडी! बघ, मीहा, बघ माझ्या पोरी, आर्डिस आजी काय करतेय.

व्हर्लिन : आता माझं ऐका. मीही बाहेर रिकामा नव्हतो बसलो. टाळ्या झाल्यावर पाणीखात्याचा स्टेनर बाहेर आला. माझ्याजवळ घुटमळला. बाळाकडे बघत राहिला. म्हणाला, 'पुढच्या बैठकीत पहिलं नाव माझंच असणार ना?' मी म्हटलं, बहुतेक. म्हणाला, 'मी काय काय घेऊन येऊ? नकाशे? तपासणीचे आकडे?' मी म्हटलं, सगळं आण, आणि एक रिकामा ग्लास आण. पाणी आम्ही देऊ.

अरासेली : मिस्टर टॉर्सन!

व्हर्लिन : व्हर्लिन म्हण आता तरी.

अरासेली : नाही जमत हो मला. काय म्हणाला तो?

व्हर्लिन : टोपी डोक्यावर चढवली. मग म्हणाला, 'आणतो.' तसा माणूस वाईट नाही. त्याला आजवर कुणी बोलावलंच नव्हतं.

आर्डिस : आलं बघ तुझं फाटक. हळू जाते, इथे निसरडं आहे. अरासेली, अगं, उतर ना. काय झालं?

अरासेली : सगळ्या घरांचे दिवे लागलेत.

व्हर्लिन : वाट बघतायत तुझी.

अरासेली : दोन वर्षं मी इथे परत येऊन एकच वाक्य सांगतेय. 'बघू म्हणालेत.' शेजारची डोन्या चुय तर आता मी दिसले की पडदा ओढते. आज मला सांगायचंय, आणि तोंडच उघडत नाहीये.

आर्डिस : सोपं आहे. 'ते येणार आहेत.' म्हण.

अरासेली : ते येणार आहेत.

व्हर्लिन : आम्हाला काय सांगतेस? त्यांना सांग.

अरासेली : आणि कुणी विचारलं, नाही आले तर?

आर्डिस : नाही आले तर त्यांच्या नावाची खुर्ची सगळ्यांसमोर रिकामी ठेवू. पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावू. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. आपण तिथे बसलेले असू.

अरासेली : हेही सांगू त्यांना?

आर्डिस : हे आधी सांग.