एकतिसाव्या मजल्यावरील सपाता

श्रोतेहो, टाळ क्षणभर मांडीवर ठेवा आणि चित्त इकडे द्या. एक प्रश्न विचारतो. जो सेवा करतो, त्यालाच आपण सेवा केली हे ठाऊक नाही. जो सेवा घेतो, त्यालाही ठाऊक नाही. मग पुण्य कुणाचं? आणि दोष कुणाचा?

 राहू द्या, घाई नाही. उत्तर आख्यानाच्या शेवटी आपोआप येईल. मला सांगावं लागणार नाही.

मिरजेत भालचंद्रराव उपळेकर म्हणून एक गृहस्थ. प्रयोगशाळांतले तराजू दुरुस्त करण्यात हयात गेली. केसाचं वजन सांगणारे तराजू! असा माणूस भुताखेतांवर विश्वास ठेवील? ते म्हणत, "जे मोजता येत नाही ते मी नाकारत नाही, पण त्याला पाटही मांडत नाही."

अठ्ठावीस वर्षांपूर्वी कारखान्यानं त्यांना शिक्षणासाठी जपानात, ओसाका शहरी, धाडलं होतं. राहायला पेटीएवढी खोली. (पेटीवर बसलेले आमचे बापूराव, तुमच्या पेटीहून थोडी मोठी.) तिथून त्यांनी पत्नीला, इंदुमतीबाईंना, पत्र लिहिलं – "एकदा तुला इथं आणीन, आणि सात दिवस काडी उचलू देणार नाही." पुरुषांची वचनं तुम्ही जाणता. हे वचन पाळायला बाईंच्या हृदयावर शस्त्रक्रिया व्हावी लागली. डॉक्टर म्हणाले, "हवाबदल करा. पण छातीचं हाड अजून पुरतं जुळलेलं नाही. दोन महिने वाकणं बंद, उचलणं बंद. हाड सरकलं, तर पुन्हा उघडावं लागेल. आणि दुसऱ्यांदा त्या टेबलावर घ्यायला मी धजणार नाही."

तर निघाली जोडी ओसाकाला. विमानतळावर पांढरे हातमोजे घातलेला सारथी. गाडीचं दार आपण होऊन उघडतं, आपण होऊन मिटतं. हॉटेलची लिफ्ट एकतीस मजले चढली. भालचंद्ररावांच्या हातातल्या पेल्यातलं पाणी हललं नाही. खोलीत देवदाराच्या लाकडाचा न्हाण्याचा टब, भिंतभर काच, आणि काचेखाली ते अफाट शहर – लाखो माणसं, पण आवाज शून्य. आतल्या भागात गवताच्या चटया अंथरलेल्या. त्यांच्या कडेला काळ्या लाकडाची पट्टी. तिथं सपाता काढायच्या आणि अनवाणी आत जायचं. सेविका मोरिताबाई गुडघ्यांवर बसली, पाहुण्यांच्या सपाता उचलून तिनं फिरवून ठेवल्या – टोकं बाहेरच्या बाजूला. निघताना पाय सरळ आत जावेत म्हणून. तिकडची रीत.

इंदुमतीबाई टक लावून पाहत राहिल्या. मग कुजबुजल्या, "अहो, परक्या बाईनं माझं अंथरूण काढायचं? मला नाही पटत. तिला सांगा, येऊ नकोस." दुसऱ्याच दिवशी 'त्रास देऊ नये' अशी पाटी दारावर लटकली. आता आत कुणी येणार नाही.

आणि कामं होत राहिली.

भालचंद्रराव चटईवरून परतावेत, तर सपाता फिरवलेल्या. चष्मा काचांवर पालथा टाकायची त्यांची सवय; पाहावं तर पुसून, मिटून ठेवलेला. जेवणानंतर रक्तदाबाची गोळी घ्यावी हे मनात येतंय तोच गोळी आणि कोमट पाणी शेजारी हजर.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दाराला आतून साखळी लावली आणि डुलकी घेतली. उठून पाहिलं. साखळी जागच्या जागी. सपाता फिरवलेल्या.

"इंदू, तू उठली होतीस?"

खिडकीपाशी खुर्चीत बाई जपाला बसल्या होत्या. "छे हो. वाकायचं नाही ना मला?" मग त्यांची नजर सपातांवर गेली आणि चेहरा उतरला. "अहो, कोण येतंय आपल्या खोलीत?"

बाई खोटं बोलत नव्हत्या, हे ध्यानात ठेवा. त्या घाबरल्या होत्या. आणि भालचंद्ररावांच्या मनात आलं, हिच्या अशक्त हृदयाला ही धास्ती सोसेल? त्यांनी ठरवलं – भीतीला उतारा म्हणजे मोजमाप.

चौथ्या दिवशी दुपारी बाईंचे डोळे जपात मिटलेले पाहून त्यांनी बाईंच्याच डब्यातली पावडर घेतली, काळ्या पट्टीवर अगदी एकसारखी भुरभुरली, सपाता मुद्दाम वेड्यावाकड्या टाकल्या आणि न्हाणीघराचं दार लोटून घेतलं. वीस मिनिटं. बाहेर ना पाऊल वाजलं, ना साखळी.

दार उघडलं. सपाता फिरवलेल्या! आणि पावडरीत उमटलेली पावलं – आतून आलेली, आतच परतलेली.

 भालचंद्ररावांनी खिशातली टेप काढली, खोड ती. लांबी बावीस सेंटिमीटर. पाऊल उघडं. अंगठ्याशेजारच्या बोटाखाली एक बारीक आडवी रेघ. ही रेघ कसली? कसला व्रण?

उजवीकडे बसलेल्या माता हसू लागल्या. हसा. डावीकडचे पुरुष अजून विचारात आहेत. भालचंद्ररावही तुमच्यातलेच.

त्यांनी मोरिताबाईला बोलावलं. ती आली, गुडघ्यांवर बसली, पावलं पाहिली. तिच्या हातात बोलण्याचं भाषांतर करणारं एक यंत्र होतं. ती हळू काही पुटपुटली, आणि यंत्र सपाट हिंदीत बोललं – "हम अंदर नहीं आए. कृपया श्रीमतीजी के पैर देखिए."

भालचंद्रराव वळले. खुर्चीत इंदुमतीबाई, हातात माळ. पायांचे तळवे पांढरे. बोटात चांदीचं जोडवं.

बाईंनी आवाज ऐकून डोळे उघडले, सगळ्यांच्या नजरेमागून आपल्या पायांकडे पाहिलं आणि पाय झटकन वर ओढले – जणू ते दुसऱ्या कुणाचे होते.

"अहो... मी उठलेच नाही. माळ हातातच आहे माझ्या. हे कधी झालं?"

खरंच ठाऊक नव्हतं! मोरिताबाईची रीत इंदुमतीबाईंच्या हातांनी एकदाच पाहिली आणि उचलली. खुद्द बाईंना विचारलं नाही. डॉक्टरला जुमानलं नाही. तोंडात नाम होतं, आणि चाळीस वर्षांची सवय जखमी छाती घेऊन वाकत होती.

काम दिसे, परी हात दिसेना ।
घरात राहे, घरा ठाऊक असेना ॥

भालचंद्रराव खाली बसले. भूत नाही याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्यांना मिरजेचं घर दिसलं – घडी केलेले रुमाल, भरलेला तांब्या, उशाशी चष्मा. चाळीस वर्षं त्या घरात एक अदृश्य काहीतरी वावरत होतं, आणि हजारदा शेजारून गेलेलं ते पाऊल त्यांना ओळखता आलं नव्हतं. टेप लावून मोजलं, तरीही.

"इंदू, तुला दुखत नाही?"

"थोडं ओढल्यासारखं होतं. मला वाटलं, हवा बदलली म्हणून."

ते रागावले नाहीत. रागावून सवय थांबत असती, तर आपण सगळेच संत झालो असतो. त्यांनी कारणाचा शोध घेतला. वेडीवाकडी सपात – हे कारण. मग उठून त्यांनी आपल्या सपाता आपल्या हातानं काढून, फिरवून, टोकं बाहेर करून ठेवल्या. चष्मा पुसून मिटला. पाणी ओतलं. आणि कोपऱ्यात बसून वाट पाहू लागले.

बाई पुन्हा जपाला लागल्या होत्या; अर्ध्या तासानं माळ थांबली. मिटल्या डोळ्यांनी बाई उठल्या. पट्टीपाशी आल्या. हात खाली जाऊ लागला... आणि अधांतरी थबकला. करण्यासारखं काही नव्हतं. तो रिकामा हात हवेत तसाच राहिला. अंगावर काटा यावा असं ते दृश्य. बाईंनी डोळे उघडले.

"अहो, आता मी काय करू?"

"बैस," भालचंद्रराव म्हणाले.

आणि त्या बसल्या. हाड सरकलं नाही. मिरजेला परतल्यावर डॉक्टरांनी फोटो पाहून तसं सांगितलं. खरे ते सात दिवस त्या दुपारी सुरू झाले. तीनच उरले होते.

तर मंडळी, भूत नाही. मी विज्ञान शिकलेला माणूस, खात्रीनं सांगतो. पण कीर्तनाला उभा राहण्यापूर्वी मी सभामंडपाच्या पायरीवर डोकावून आलो. डावीकडच्या पुरुषमंडळींच्या चपला एकीवर एक, पालथ्या, जशा भिरकावल्या तशा पडल्या होत्या. आता हरीचं नाम घ्या आणि सावकाश बाहेर जा. त्या चपला तशाच असतील, तर आपण होऊन सरळ करा.

आणि सरळ लावलेल्या दिसल्या, तर पायात घालू नका. आधी मागं वळा आणि पाहा – कुणाचे हात धुळीनं भरलेत.