कुत्र्याची बसायची जागा

परवान्यांच्या खिडकीपाशी मी रांगेत होतो. माझ्यापुढे कोचकोरच्या कुरणावरून आलेली एक म्हातारी. शहरातले लोक परगावी गेले की त्यांची कुत्री सांभाळायची, त्याचा परवाना तिला हवा होता. आत एक तरणा साहेब.

"जागा किती, आपा?"

"एक तंबू. नमद्याचा, जाड लोकरीचा."

"लांबी-रुंदी?"

"गोल आहे रे बाळा. लांबी-रुंदी तुझ्या कचेरीला."

"राहू द्या. कुत्रं कुठे झोपणार?"

"दाराशी. आणखी कुठे झोपतं कुत्रं?"

"नाही चालणार. तिथे वारा लागतो. दारापासून सगळ्यात लांबची जागा द्यायची, नियम आहे."

"अरे, ती पाहुण्याच्या मानाची! माझे व्याही बसतात तिथे."

"पैसे देऊन राहणारं कुत्रंही पाहुणंच. नाहीतर परवाना विसरा."

"बरं बाबा, बसवते. तू तपासायला कधी येतोस?"

"गुरुवारी."

"ये. मेंढा कापते."

"अहो, कशाला एवढं! पाहुण्याच्या मानाचं मुंडकं मात्र नीट भाजा हं."

"भाजीन की. पण मुंडकं मानाच्या जागेवर बसेल त्याचं. तू दाराशी बसशील, सुनांच्या पलीकडे, बुटांपाशी."

साहेबाने पेन खाली ठेवलं.

"आपा, कुत्र्याला खेळती हवा हवी, असाही एक नियम आहे. दाराशीच ठेवा त्याला."

"मघाशी तर वारा लागतो म्हणालास!"

"वारा माणसाला लागतो, आपा. कुत्र्यासाठी ती खेळती हवा."